केमोच्या एकवीस दिवसांचं ताट

घरात कुणाचं मोठं ऑपरेशन झालं की इंदूरच्या मराठी घरात पहिला हात जातो तो तुपाच्या बरणीकडे. डिंकाचे लाडू वळले जातात, आत्या अळिवाची खीर घेऊन येते, आणि पेशंटला बाळंतिणीसारखं अंथरुणावर बसवून खाऊ घातलं जातं. माया खरी असते, पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये ही पद्धत बहुतेक वेळा उलटी पडते. पोटाच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये माणूस झपाट्याने वाळतो. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांत मात्र पुष्कळ बायकांचं वजन वाढतं. मळमळ थांबावी म्हणून दिलेल्या स्टेरॉइडने भूक आणि साखर दोन्ही वाढतात, केमोने अनेकींची पाळी बंद होते, थकव्याने चालणं सुटतं. स्नायू झिजतात आणि त्यांच्या जागी चरबी बसते. काटा वर सरकलेला दिसतो म्हणून घरचे खूश असतात, आणि तिला मात्र जिना चढवत नाही.

कोणत्याही पदार्थाने कॅन्सर बरा होत नाही. जेवणाने साधतं ते एवढंच: जखम भरते, स्नायू टिकतात, संसर्ग टळतो आणि केमोची पुढची तारीख पुढे ढकलावी लागत नाही. हे काही थोडं नाही, आणि त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्या स्वयंपाकघरात आधीच असतं.

आधी हिशेब

पहिल्या केमोच्या आधी एका वहीत लिहून ठेवा: वजन, उंची, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), व्हिटॅमिन डी. यातले बरेचसे रिपोर्ट उपचारांआधीच्या तपासण्यांत झालेले असतात, जे नसतील ते डॉक्टरांना विचारा. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, एकाच काट्यावर. रोज केलं तर पाण्याच्या चढउताराने उगाच जीव टांगणीला लागतो.

उपचारांच्या काळात प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.५ ग्रॅम लागतात. मधला आकडा धरा, १.२. वजन ५८ किलो असेल तर दिवसाला ७० ग्रॅम. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किडनीचा त्रास असेल, तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता आपल्या शाकाहारी घरातला नेहमीचा दिवस मोजून बघा. सकाळी प्लेटभर पोहे, साडेतीन ग्रॅम. दोन चहांतलं दूध, अडीच. दुपारी दोन पोळ्या सात, वाटीभर भात तीन, पातळ वरण तीन, भाजी दोन. रात्री खिचडी साडेसात, वर ताक दोन. बेरीज तीस-एकतीस. पोट भरलेलं असतं आणि गरज निम्मीसुद्धा भागलेली नसते. आमच्या मते नवख्या घरांत सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच, आणि चुकतंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

भर घालायची ती अशी. वरण घट्ट करा: माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, यातून साडेसहा ग्रॅम. चार वाजता ५० ग्रॅम पनीर, नऊ. दुपारी वाटीभर दही, पाच. रात्री २०० मिली दूध, साडेसहा. ३० ग्रॅम कोरडे सोयाचंक्स उकळून, पिळून, मिक्सरमधून खिम्यासारखे काढून भाजीत किंवा थालीपिठाच्या पिठात मिसळले तर एकदम पंधरा. एवढ्यावर बेरीज सत्तरीला टेकते. अंडं चालत असेल तर काम सोपं होतं, कारण एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. अंडं पूर्ण उकडलेलं हवं, बलक घट्ट.

सोयाबीनबद्दल ‘त्यात हार्मोन असतात, स्तनाच्या कॅन्सरला चालत नाही’ असं हमखास ऐकायला मिळतं. जेवणातलं सोयाबीन, म्हणजे चंक्स, टोफू, सोयादूध, बेताच्या प्रमाणात सुरक्षित आहे. टाळायच्या त्या सोयाच्या गोळ्या आणि अर्क.

केमोचा दिवस

पुष्कळदा केमो दर २१ दिवसांनी असते. काही औषधं दर आठवड्याला किंवा दर १४ दिवसांनी देतात. तुमचं वेळापत्रक कोणतं आणि रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कोणत्या दिवसांत सर्वांत कमी असतील, हे पहिल्याच भेटीत विचारून कॅलेंडरवर खूण करा. पुढचं सगळं त्या खुणेवर चालतं.

त्या दिवशी निघण्याआधी तास-दीड तास हलकं खाणं: दोन इडल्या, उपमा, मऊ खिचडी. रिकाम्या पोटी जाऊ नये, तडस लागेपर्यंत खाऊनही जाऊ नये. आणि तिचा आवडता पदार्थ त्या दिवशी मुद्दाम करू नका. मळमळीच्या आसपास खाल्लेल्या पदार्थाशी मन ती मळमळ जोडून टाकतं. पुरणपोळी एकदा अशी अडकली की वर्षभर नकोशी होते.

केमोत सायक्लोफॉस्फमाइड हे औषध असेल तर मूत्राशयाला त्रास होऊ नये म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं, साधारण दोन ते अडीच लिटर, आणि लघवी तुंबवून ठेवायची नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती, ते डॉक्टर सांगतील. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लालभडक असतं. त्याने एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र नेमकं त्याच दिवशी बीट देऊ नका, म्हणजे कशाचा रंग आहे हा घोळ होणार नाही.

पहिले पाच दिवस: वासाशी गाठ

मळमळीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते. ती डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. मग दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवणाबरोबर घटाघट नको, मधल्या वेळात घोट घोट.

वास हा या दिवसांतला खरा शत्रू. हिंग-मोहरीची फोडणी, लसूण, कुकरची शिट्टी, उकळतं दूध, एरवी भूक चाळवणारं सगळं आता नकोसं होतं. फोडणीचं काम ती झोपलेली असताना किंवा गच्चीत बसलेली असताना उरका. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून ताट कोमटच द्या. मेतकूट-भात, भाताची पेज, फुलका नि मुगाचं साधं वरण, राजगिऱ्याची लाही दुधात, भाजलेले डाळे, कोरडा खाकरा, हे सहसा चालतं. आल्याचा छोटा तुकडा किंवा आलेपाक काहींना बरा वाटतो. गोळीच्या जागी मात्र तो नाही.

तोंडाला लोखंडी चव येते अशी तक्रार फार असते. स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा द्या, पाणी काचेच्या ग्लासातून. तोंड आलेलं नसेल तर आमसूल, लिंबू किंवा वरून चिमूटभर जीरावन भुरभुरलं की चव परतते. इंदुरात हा मसाला घरोघरी असतो, पण त्यात मीठ आणि तिखट दोन्ही असतं, तेव्हा चिमूटभरच.

मळमळीच्या काही गोळ्यांनी, ऑन्डान्सेट्रॉनने विशेषकरून, शौचाला घट्ट होतं. रात्री भिजवलेले आठ-दहा मनुके, सकाळी कोमट पाणी, पिकलेली पपई आणि घरातल्या घरात चालणं, एवढ्याने बरेचदा भागतं. इसबगोल घ्यायचं तर दोन चमचे पूर्ण ग्लासभर पाण्यात आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते आतच घट्ट होऊन बसतं. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पेशी कमी असताना तिथली बारीकशी इजासुद्धा संसर्गाला वाट करून देते.

उलट जुलाब लागले तर घरचं मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाटच. शीग लावून मीठ घातलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. मधुमेह असेल तर किती आणि कसं द्यायचं ते फोन करून विचारा.

सात ते चौदा: शिळं, कच्चं, बाहेरचं बंद

पांढऱ्या पेशी साधारण याच दिवसांत तळाला जातात. पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलेलं असलं तरी काळजी तीच. सराफा आणि छप्पन, म्हणजे इंदूरचे खाऊबाजार, या दिवसांत पूर्ण बंद. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फ घातलेली शिकंजी, कापून ठेवलेली फळं, उघडी मिठाई, काही नाही. पण बाहेरचं बंद केलं म्हणजे झालं असं नाही, आपल्या घरच्या काही सवयीच धोक्याच्या असतात.

पहिली सवय फोडणीच्या भाताची. रात्रीचा भात ओट्यावर राहिला, सकाळी कांदा घालून परतला, हे प्रत्येक घरात चालतं. तांदळात असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळच्या फोडणीने जात नाही. कितीही खरपूस परतला तरी उपयोग नाही. उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये, आणि २४ तासांच्या आत वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. तिच्यासाठी तर रोज ताजाच लावा, मूठभर तांदळाला काही वेळ लागत नाही.

दुसरी, वरून पेरलेली कोथिंबीर. पानांच्या जुड्यांत माती असते आणि एकदा पाण्यातून काढल्याने ती जात नाही. दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि वरणाला उकळी फुटतानाच घाला. काकडी-गाजराची कोशिंबीर या आठवड्यात नको. तीच भाजी वाफवून द्या, आणि डॉक्टर दही चालेल म्हणाले असतील तर दह्यात कालवा. कच्चे मोड आलेले मूग नकोत, कारण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. उसळ शिजवून द्या. फळं सोलून खायची तीच घ्या: केळं, संत्रं, पपई. आणि सोलायच्या आधी धुवा, नाहीतर सालीवरचं सगळं सुरीबरोबर गरात उतरतं.

नर्मदेचं पाणी असो वा बोअरचं, खळखळ उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं तसंच उकळू द्यायचं, त्याच भांड्यात गार करायचं आणि वरून ओतून घ्यायचं. माठात हात बुडवून पेला भरायचा नाही. घरच्या दह्याबद्दल प्रत्येक हॉस्पिटलची सूचना सारखी नसते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारा. चालेल म्हणाले तर उकळलेल्या दुधाचं, रोजचं ताजं.

या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. आधी घरी तापाची गोळी देऊन वाट बघू नका. गोळीने आकडा उतरतो, संसर्ग वाढतच राहतो. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, आठ-दहा तासांत लघवी झाली नसेल, दिवसभरात नेहमीपेक्षा चार किंवा त्याहून अधिक वेळा जास्त जुलाब झाले असतील, तरी फोन लगेच.

तोंड आलं असेल तेव्हा

ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा, खाण्याच्या आधी आणि नंतर, खळखळून चुळा. मऊ ब्रश. लिंबू, टोमॅटो, लोणचं, शेव, भाकरीचा पापुद्रा, कडक टोस्ट बंद. पोहे आवडत असतील तर इंदुरी पद्धतीने पातेल्यावर वाफेला ठेवलेले मऊ पोहे द्या, पण शेव, कांदा, जीरावन आणि लिंबू गाळून. शेवेशिवाय पोहे म्हणजे इंदूरकराला शिक्षाच, पण आठवडाभराचा प्रश्न आहे.

या काळासाठी भुट्ट्याचा कीस फार सोयीचा. तीन कोवळे भुट्टे किसणीवर किसून घ्या. कढईत दोन चमचे तूप, जिरं, चिमूटभर हिंग-हळद, मग कीस. मंद आंचेवर आठ-दहा मिनिटं सतत हलवत परता. कच्चा वास जाऊन कीस कढई सोडायला लागला की दीड वाटी गरम दूध घाला. त्यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर आधीच गुठळ्या न राहता कालवलेली असू द्या, प्रथिनं तिथेच वाढतात. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं, दूध आटेपर्यंत. मीठ बेताचं आणि अगदी शेवटी. हिरवी मिरची, लिंबू, ओलं खोबरं काही नाही. कोमट झाल्यावर द्यायचा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. भुट्टा जून असला तर सालपटं राहतात आणि ती फोडांना टोचतात. तसा निघाला तर कीस मिक्सरमधून काढून चाळणीने गाळून घ्या. परतणं घाईत उरकलं तर कच्चट लागतो आणि पोटात वायू धरतो. आणि तापल्या कढईत फ्रिजमधलं दूध ओतलं की ते फाटण्याची शक्यता असते. भुट्टे पावसाळ्यात. इतर महिन्यांत त्याच जागी नाचणीची खीर, तांदळाची उकड किंवा लापशी.

पंधरा ते एकवीस

भूक परत येते. हा भरून काढायचा आठवडा: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, सोयाथालीपीठ, दोन्ही वेळा घट्ट वरण. रोज चालणं, जमेल तितकं, दहा मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत. नुसती प्रथिनं खाऊन स्नायू होत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं.

लाडवांचा डबा या आठवड्यात बाहेर येतो. एका मध्यम डिंकाच्या लाडवात दोन-अडीचशे कॅलरी सहज असतात. रोजचे दोन लाडू म्हणजे एक जेवणच वर. वजन घटत असेल तर खुशाल द्या. वाढत असेल तर पाहुण्यांनी आणलेले डबे शेजारीपाजारी वाटून टाका. वाढलेल्या वजनाचा भार ऑपरेशनच्या बाजूच्या हातावरही येतो, कारण काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका वजनाबरोबर वाढतो. त्या हाताने गरम कुकर उचलणं, तळणं टाळायचं, आणि भाजी चिरताना, भांडी घासताना हातमोजा घालायचा. कापलं-भाजलं तर त्यातून संसर्ग होऊन सूज येऊ शकते.

साखर कॅन्सरला पोसते म्हणून फळं, भात, गूळ सगळं बंद करणाऱ्या घरांत बाई दोन महिन्यांत खंगते. चहातली चमचाभर साखर मुद्दा नाही. मुद्दा आहे तो मिठाई, फरसाण आणि बाटलीबंद सरबतांचा. दूध बंद करण्यालाही आधार नाही.

उपासाचं काय? संकष्टी-एकादशी धरायचीच असेल तर कॅलेंडरवर खूण केलेल्या दिवसांत मुळीच नाही, आणि इतर दिवशीही साबुदाण्यावर नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, पनीर, दूध घ्या आणि गोळ्यांच्या वेळा चुकवू नका. कॅपेसिटाबिनसारखी केमोची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आतच घ्यायची असते. उपास धरला की पहिला घोळ तिथे होतो.

काढे, कल्प, कॅप्सूल

भाजीतली नेहमीची हळद चालेल. हळदीच्या कॅप्सूल, म्हणजे कर्क्युमिनचा अर्क, त्यातही मिरीच्या अर्कासह, हे वेगळं प्रकरण. त्याने टॅमॉक्सिफेनसारख्या, हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरसाठीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी होऊ शकतं. गुळवेल आणि अश्वगंधा घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच आहेत, आणि केमोची औषधं आधीच यकृतावर भार टाकत असतात. शतावरी कल्प ‘बायकांचं टॉनिक’ म्हणून सहज हातात येतो. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये तो ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, दाखवल्याशिवाय नको. गव्हांकुराचा कच्चा रस, गोमूत्र, पपईच्या पानांचा काढा, यांना पेशी कमी असताना हात लावू नका. चकोतरा आणि पपनस काही औषधांचं प्रमाण रक्तात वाढवतात, तेव्हा उपचार चालू असेपर्यंत विचारूनच.

घेत असाल ते लपवू नका. डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. नुसतं ‘काहीतरी आयुर्वेदिक’ म्हटलं तर त्यांना काही ठरवता येत नाही.

गोळ्यांची वर्षं

केमो-रेडिएशन संपल्यावर अनेकींना पाच ते दहा वर्षं हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्या असतात. टॅमॉक्सिफेनवर असताना वजनाकडे लक्ष ठेवायचं. गरम वाफा अंगावर येत असतील तर फार तिखट आणि कडक गरम चहा कमी करून बघा, काहींना फरक पडतो. लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल असेल तर प्रश्न हाडांचा. या गोळ्या हाडं विरळ करतात, म्हणून दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. अर्धा लिटर दूध-दह्यातून सहाशेच्या आसपास मिळतं. दोन नाचणीच्या भाकऱ्यांतून, साठ ग्रॅम पीठ धरलं तर, दोनशेच्या वर. न सोललेल्या तिळाच्या चटणीचा एक मोठा चमचा, नव्वदच्या जवळ. बाकीचं पालेभाजी, राजगिरा आणि कमी पडलं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या, कारण कॅल्शियम लोहाला आतड्यात शोषू देत नाही. चहाही लोहाच्या गोळीपासून तेवढाच लांब. व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट वहीत पहिल्या पानावर असेलच. कमी असेल तर नुसत्या दुधाने भरून येत नाही. त्याचा डोस लिहून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करा.